उणे शिल्लक आणि घराची पत

श्रावणात एक दिवस भंडारदऱ्याला जायचे, हा आमच्या संगमनेरच्या घराचा जुना परिपाठ आहे. निमित्त धरणाचे असते, पण खरी ओढ शेंडीच्या काकूंची. धरणालगतच्या या गावात माझ्या दिवंगत चुलत्यांचे किराणा दुकान आहे आणि आता ते त्यांचा धाकटा मुलगा चालवतो. मे-जूनमध्ये काजवे पाहायला येणारी मंडळी, त्यानंतर धबधब्यांसाठी लोटणारी गर्दी आणि उरलेले आठ महिने आसपासच्या वाड्यावस्त्यांची उधारी, असा त्या दुकानाचा वर्षाचा हिशोब.

गेल्या श्रावणात आम्ही पोहोचलो तेव्हा धरण जवळजवळ भरले होते. मुले पाण्याकडे धावली. चुलतभाऊ मात्र सर्वांकडे पाठ करून, पावसातच उभा राहून फोनवर बोलत होता. पलीकडचा आवाज चढा होता, त्यामुळे दोन वाक्ये मलाही ऐकू आली. उद्या आमचा माणूस दुकानात येईल, आणि गिऱ्हाइकांसमोर बोलायची वेळ आणू नका, अशा अर्थाची. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “दादा, आईच्या नावावर सहा लाख चौऱ्याऐंशी हजार निघतायत. तिला माहीत नाही.”

काका गेल्यावर त्यांचे थोडे शेअर काकूंच्या नावावर झाले. त्यासाठी उघडलेले डीमॅट आणि ट्रेडिंग खाते मुलाने हाताळायला घेतले. ते शेअर तारण ठेवून निर्देशांकाचे ऑप्शन विकण्याचा नाद लागला. आरंभी महिन्याकाठी चार-सहा हजार सुटत होते. ब्रोकरच्या शाखेतला एक तरुण रोज फोन करून सल्ला देई आणि पुढे पुढे “तुम्ही दुकान बघा, मी बघतो” म्हणू लागला. एका मुदतसमाप्तीच्या दिवशी बाजार उलटा फिरला. काकांचे शेअर ब्रोकरने विकले, तरीही खात्यावर उणे आकडा उरला. त्यावर उशिराच्या भरण्याचे व्याज चढत होते.

मी आयुष्यभर कर सल्लागार म्हणून काम केले. अशी प्रकरणे आता महिन्याला एक तरी ऐकू येते, आणि बहुतेक वेळा खाते पत्नीच्या, आईच्या नाहीतर अविभक्त कुटुंबाच्या नावावर असते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर शंभर वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जणांना तोटा झाला, आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. ही माणसे आपल्याच पंगतीला जेवतात. फक्त ती बोलत नाहीत.

धरणातला साठा शून्याच्या खाली जात नाही. खात्यातला जातो, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. “फार तर लावलेले पैसे जातील” ही समजूत शेअर रोखीने विकत घेणाऱ्यापुरती खरी आहे. ऑप्शन विकणाऱ्याचा किंवा फ्युचर्स घेणाऱ्याचा तोटा त्याच्या ठेवीशी थांबत नाही. या गोष्टीचे आपल्या देशातले सर्वांत विलक्षण उदाहरण २० एप्रिल २०२० चे आहे. टाळेबंदीमुळे मुंबईच्या एमसीएक्स या वायदे बाजाराचे व्यवहार त्या काळात सायंकाळी पाचलाच बंद होत. त्या दिवशी कच्च्या तेलाचा एप्रिलचा वायदा पिंपाला ९६५ रुपयांवर बंद झाला. रात्री न्यूयॉर्कमध्ये तेलाचा भाव कोसळत कोसळत शून्याखाली गेला आणि उणे ३७.६३ डॉलरवर स्थिरावला. आपल्याकडचा वायदा त्या भावाशी बांधलेला असल्याने एमसीएक्सने अंतिम भाव ठरवला तो उणे २,८८४ रुपये. एक सौदा १०० पिंपांचा. म्हणजे सायंकाळी पाचला जो माणूस एक सौदा धरून घरी गेला, तो सकाळी उठला तेव्हा प्रत्येक सौद्यामागे ३ लाख ८४ हजार ९०० रुपयांनी खाली होता, आणि मधल्या वेळात विकून मोकळे होण्याची सोयच नव्हती. काही ब्रोकर या भावाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले. ग्राहक ब्रोकरांशी भांडले.

ब्रोकर इतका निकराने का मागतो, हेही त्या प्रसंगात दिसते. बाजाराच्या समाशोधन संस्थेला पैसे भरण्याची पहिली जबाबदारी ब्रोकरची असते. ग्राहकाने दिले नाहीत तरी त्याला स्वतःच्या खिशातून ते भरावेच लागतात. तेव्हा वसुली करणारा प्रत्येक ब्रोकर लबाड असतो असे मुळीच नाही. पुष्कळदा तो स्वतः भरलेले पैसे मागत असतो.

पण खातेवहीतला उणे आकडा ही ब्रोकरची मागणी असते, निवाडा नव्हे. त्याच तेलाच्या प्रकरणात अमेरिकेतील वायदे बाजाराची नियामक संस्था सीएफटीसी हिने सप्टेंबर २०२१ मध्ये इंटरॅक्टिव्ह ब्रोकर्स या मोठ्या ब्रोकरला १७.५ लाख डॉलरचा दंड केला आणि ग्राहकांना ८ कोटी २५ लाख डॉलरहून अधिक भरपाई देण्यास सांगितले. कारण एवढेच की उणे भाव येऊ शकतो याची तयारी त्याच्या यंत्रणेत नव्हती आणि ग्राहकांना ऐन वेळी सौदे करता आले नाहीत. युरोपात तर २०१५ च्या जानेवारीत स्विस फ्रँक उसळून असंख्य छोटी खाती शून्याखाली गेल्यानंतर नियामकांनी २०१८ पासून, किमतीच्या फरकावर चालणाऱ्या करारांपुरता, सामान्य ग्राहकाचा तोटा त्याच्या खात्यातील रकमेपुरताच मर्यादित केला. आपल्याकडच्या शेअर बाजारांतील फ्युचर्स-ऑप्शनला असे कवच नाही. तोटा खरा असेल तर तो पूर्ण द्यावा लागतो. म्हणून प्रश्न दोनच उरतात. आकडा बरोबर आहे का, आणि तो नेमका कोणाचा?

शेंडीच्या घरी त्या रात्री काकूंना सांगावेच लागले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. आधी विचारले, “त्यांचे शेअर गेले का?” हो म्हटल्यावर त्या देवघरात जाऊन बसल्या. परत आल्या त्या चेकबुक घेऊनच. “उद्या तो माणूस दुकानात येऊन ओरडला तर गावात काय राहील? सही करून देते, आकडा ते घालतील.”

आपल्या व्यापारी घरांचे मर्म या वाक्यात आहे. आपण कर्जाला तितके भीत नाही, जितके दारात उभ्या राहिलेल्या वसुलीदाराला भितो. पत गेली की राजूरच्या बाजारात माल उधार मिळत नाही, ही भीती काल्पनिक नाही. पण सही करून दिलेला कोरा धनादेश हा या भीतीवरचा सर्वांत महाग उपाय आहे. परक्राम्य संलेख अधिनियमानुसार धनादेश देण्यामागे देणे आहे असे न्यायालय गृहीत धरते. ते नव्हते हे सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावर येतो. तो न वटल्यास कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे जो वाद आजवर हिशोबाचा होता, तो फौजदारी होतो, आणि आरोपी होतात त्या सत्तर वर्षांच्या काकू. तसेच “एवढे देणे मान्य आहे” असे सही करून लिहून दिले, तर वसुलीसाठीची तीन वर्षांची मुदत त्या दिवसापासून नव्याने सुरू होते. चेकबुक मी माझ्या पिशवीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी माणूस आला. सभ्य होता. त्याला चहा दिला आणि सांगितले की मागणी लेखी पाठवा, उत्तरही लेखी मिळेल, आणि दुकानात पुन्हा येऊ नका. रात्री-अपरात्री फोन करू नये, सकाळी ८ च्या आधी आणि सायंकाळी ७ नंतर तगादा लावू नये, असे जे नियम आपण ऐकतो, ते रिझर्व्ह बँकेने बँका आणि वित्तसंस्थांच्या कर्जवसुलीसाठी घातलेले आहेत. ब्रोकर बँक नव्हे, त्यामुळे त्या नियमांकडे बोट दाखवून फारसा उपयोग होत नाही. धमकी मात्र कोणीही दिली तरी भारतीय न्याय संहितेखाली गुन्हाच आहे. आणि “पोलिसांत देतो” ही फोनवरची भाषा बहुधा पोकळ असते. फसवणूक नसेल तर बाजारातला तोटा न भरणे हा दिवाणी वाद आहे.

मग ब्रोकरला ईमेलने पत्र गेले. खाते उघडल्यापासूनची खातेवही, प्रत्येक दिवसाची सौदापत्रके, मार्जिनची दैनिक विवरणे, सौदा कोणत्या मार्गाने नोंदवला गेला याच्या नोंदी आणि फोनवरून झालेल्या सौद्यांची ध्वनिमुद्रणे मागितली. शेवटची मागणी सर्वांत मोलाची. सेबीच्या सप्टेंबर २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने सौदा करायला सांगितल्याचा पुरावा ब्रोकरने जपून ठेवायचा असतो. लेखी चिठ्ठी, ध्वनिमुद्रण, ईमेल, एसएमएस, काहीही चालते. वाद झाल्यास तो दाखवण्याची जबाबदारी ब्रोकरची आहे. शाखा चालवणाऱ्या अधिकृत व्यक्तीच्या कृतीलाही ब्रोकरच जबाबदार असतो. “तो मुलगा आता आमच्याकडे नाही” हे उत्तर पुरेसे नाही.

येथे एक कटू गोष्ट सांगायला हवी. ज्यांनी पासवर्ड आणि ओटीपी दुसऱ्याला दिले, त्यांची बाजू फार दुबळी होते. यंत्राला बोट कोणाचे हे दिसत नाही. दररोज ईमेलवर येणारी सौदापत्रके सहा महिने न उघडता पडू देणाऱ्याचेही तसेच. आमच्या भावाने पासवर्ड दिला नव्हता, पण सौदापत्रके उघडलीही नव्हती.

कागद यायला तीन आठवडे लागले. तेवढ्यात घरात एक वेगळाच विचार शिजू लागला. कोणी तरी सुचवले, काकूंनी सरळ सांगावे की मला यातले काही ठाऊक नाही, मी एकही सौदा केला नाही. ते शब्दशः खरे होते. आणि मुलाने म्हणावे, खाते माझे नाही, माझा काय संबंध? तेही कागदावर खरे. दोघेही सुटतील!

मला ही चतुराई तेव्हाही रुचली नाही. रुचण्या-न रुचण्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी ती टिकणारी नव्हती. १० फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. एस. नरसिंहा आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांच्या पीठाने दिलेला एक निकाल मी भावाला वाचून दाखवला. प्रकरण मुंबईचे आहे. पती आणि पत्नी यांनी १९९९ मध्ये एका ब्रोकरकडे आपापली स्वतंत्र खाती उघडली. २००१ मध्ये पत्नीच्या खात्यावर उणे रक्कम होती, पतीच्या खात्यावर जमा. पतीच्या खात्यातील जमा पत्नीच्या खात्याकडे वळवली गेली. पुढे बाजार कोसळला आणि पत्नीच्या खात्यावरील उणे फुगत गेले. ब्रोकरने दोघांविरुद्ध मुंबई शेअर बाजाराच्या नियमांनुसार लवादाकडे दाद मागितली. त्याचे म्हणणे असे की दोघांनी खाती मिळून चालवण्याचे आणि तोटाही मिळून सोसण्याचे तोंडी ठरवले होते. पतीचे म्हणणे, मी काही कबूल केले नव्हते आणि माझी रक्कम माझ्या परवानगीविना वळवली.

लवादाने २००४ मध्ये दोघांनाही एकत्रित आणि स्वतंत्रपणे जबाबदार धरले. रक्कम सुमारे १ कोटी १८ लाख रुपये, त्यावर २००१ पासून वार्षिक ९ टक्के व्याज. उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी तो निवाडा कायम ठेवला. २०२१ मध्ये खंडपीठाने पतीला मोकळे केले. पत्नीच्या खात्याचे देणे पतीने घेणे हा त्यांचा खासगी मामला आहे, शेअर बाजाराच्या लवादाच्या कक्षेत तो येत नाही, असा त्या निर्णयाचा रोख होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि लवादाचा मूळ निवाडा पुन्हा उभा केला. खाती वेगळी असली तरी दोघांचे वागणे आणि पुरावा पाहता लवादाने काढलेला निष्कर्ष टिकणारा आहे, आणि अशी तोंडी समजूत बाजारातील सौद्यांशीच जोडलेली असल्याने लवादाला ती तपासता येते, असे न्यायालयाने मानले.

या निकालाचे व्याज मी कागदावर मांडून पाहिले. सरळव्याज धरले तरी चोवीस वर्षांत ते मुद्दलाच्या दुपटीहून जास्त होते. लवादापुढे हरलेल्याला कलम ३४ खाली निवाडा रद्द करून घेण्यासाठी तीन महिन्यांच्या आत न्यायालयात जाता येते खरे, पण न्यायालय हिशोब पुन्हा तपासत बसत नाही. आणि भांडण चालते तोवर व्याजही चालते.

भावाच्या मोबाइलमध्ये शाखेतल्या तरुणाला पाठवलेले संदेश होते. “आईच्या खात्याचं काही झालं तर मी आहे ना” असे एक वाक्य मी स्वतः वाचले. सहज लिहिलेले. पण त्या मुंबईच्या दांपत्याची समजूत तर तोंडीच होती!

घरातल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर मात्र दिलासा देणारे होते. आपल्या समाजात “बापाचे देणे मुलाने फेडायचेच” हा संस्कार खोल आहे, आणि वसुलीदार त्याचा वापर करतात. हिंदू उत्तराधिकार अधिनियम जैनांनाही लागू आहे, आणि त्यातील २००५ च्या दुरुस्तीने धर्मकर्तव्य एवढ्याच आधारावर मुलगा, नातू किंवा पणतू यांच्याकडून वडिलांचे देणे वसूल करण्याचा हक्क, ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या देण्यांपुरता, संपवला. खातेदार मरण पावला तर देणे त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून वसूल होते, आणि वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. कोणी त्यापलीकडे स्वेच्छेने फेडत असेल तर तो त्याचा मोठेपणा. पण फोनवरच्या आवाजाला घाबरून तो मोठेपणा दाखवायचा नसतो.

कागद आले तेव्हा आम्ही दुकानाच्या मागच्या खोलीत दिवसभर बसलो. ६ लाख ८४ हजारांपैकी ३ लाख ५५ हजार निर्विवाद भावाने केलेल्या सौद्यांचे होते. ३८ हजार व्याज. उरलेले २ लाख ९१ हजार एकाच दुपारचे, दोन सौद्यांचे. “दादा, हे मी सांगितलेच नव्हते,” असे तो शपथेवर सांगत होता. आम्ही ब्रोकरच्या तक्रार कक्षाला लिहिले, मग सेबीच्या स्कोअर्सवर. उत्तर गुळमुळीत आले, तेव्हा स्मार्ट ओडीआर या ऑनलाइन व्यासपीठावर वाद नोंदवला. सेबीने ही व्यवस्था २०२३ मध्ये आणली. तेथे आधी सामोपचार होतो, त्यासाठी साधारण २१ दिवस असतात. तो फसला तर लवाद. ब्रोकरही ग्राहकाविरुद्ध तेथे जाऊ शकतो, पण आधी निदान पंधरा दिवसांची नोटीस देऊन. शेंडीतून मुंबईला खेटे घालावे लागले नाहीत. सारे मोबाइलवर झाले. नेटवर्कसाठी तेवढे धरणाच्या बाजूला जाऊन बसावे लागे.

सामोपचाराच्या बैठकीत ब्रोकरने एक ध्वनिमुद्रण ऐकवले. त्यात भावाचाच आवाज होता. मागे गिऱ्हाईक साखरेचा भाव विचारते आहे आणि हा घाईघाईने “हो, करा, करा” म्हणतो आहे. तो सौदा १ लाख १२ हजारांचा. भावाचा चेहरा उतरला. त्याला खरोखरच आठवत नव्हते. दुसऱ्या, १ लाख ७९ हजारांच्या सौद्याचा कसलाही पुरावा ब्रोकरकडे निघाला नाही. सामोपचारकर्त्या बाईंनी दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे समजावले. शेवटी तो सौदा आणि व्याज वगळून ४ लाख ६७ हजारांवर तडजोड झाली, तीन हप्त्यांत.

भावाने दुकानातली मोटारसायकल विकली आणि दोन हप्ते भरले. तिसरा काकूंच्या ठेवीतून गेला. त्यावरून मायलेकांत महिनाभर धड बोलणे नव्हते. मी त्यांच्यात पडलो नाही.

तडजोडीच्या कागदात एक अट मी आग्रहाने घालून घेतली होती. शेवटचा हप्ता मिळाल्यावर ब्रोकरने काहीही येणे नाही असे सहीशिक्क्याचे पत्र द्यायचे आणि खाते बंद करायचे. ते पत्र फाल्गुनात आले. काकूंनी ते दोनदा वाचले, काकांच्या हातच्या शेवटच्या वर्षाच्या चोपडीत घातले आणि चोपडी पेटीत ठेवून किल्ली स्वतःच्या कनवटीला लावली. भावाने विचारले, “आई, डीमॅट पण बंद करू?” त्या म्हणाल्या, “त्यात आता आहेच काय? कर.” आणि दुकानात गिऱ्हाईक आले म्हणून तो उठला.